लाँग शॉट चुकतोय? थांबा, नवीन क्यू घेऊ नका



मागच्या शनिवारी दुकानात एक मुलगा आला. जाड काचांचा चष्मा, खांद्याला बॅग. म्हणाला, "दादा, जवळचे बॉल सगळे जातात, लाँग शॉट बसतच नाही. चांगली स्टिक दाखवा, पंधरा हजारांपर्यंत." मी स्टिक काढलीच नाही. विचारलं, "हा चष्मा घालून टेबलावर वाकल्यावर तुला पलीकडचा बॉल काचेतून दिसतो, की फ्रेमच्या वरून?" तो गोंधळला. घरी जाऊन बघतो म्हणाला आणि गेला. गल्ल्यावर बाबा बसले होते. ते म्हणाले, "पंधरा हजारांचं गिऱ्हाईक परत पाठवलंस?"

हो, पाठवलं. मी खेळाचं सामान विकतो, क्यूवर मला बरं मार्जिन मिळतं, तरी माझं ठाम मत आहे: फक्त लाँग शॉट चुकतोय म्हणून क्यू बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी स्वतः तीन क्यू बदलले. दुकान आपलंच, म्हणून खरेदीच्या भावात पडले, पण पैसे ते पैसेच ना! बीबीएला कॉस्टिंग शिकलो आणि स्वतःच्या छंदाचा हिशोब केला नाही. शेवटी चष्मेवाल्याने मला त्याच्या काउंटरवर पूलच्या स्टान्समध्ये वाकायला लावलं. तेव्हा कळलं, माझ्या बारीक फॅशनेबल फ्रेमच्या वरून मी बघत होतो. लांबचा बॉल धूसर, म्हणून मी नकळत हनुवटी वर उचलायचो आणि डोकं क्यूच्या रेषेवरून सरकायचं.

जवळच्या शॉटला ही चूक खपून जाते, लांबच्याला नाही. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग 100 बाय 50 इंच, बॉल सव्वादोन इंचाचा. समजा क्यू बॉलपासून रंगीत बॉल 50 इंचांवर आहे आणि तिथून पॉकेट आणखी 50 इंच, सगळं एका सरळ रेषेत. क्यू बॉल जाऊन भिडताना फक्त अडीच मिलिमीटर बाजूला भिडला, तर पॉकेटपाशी रंगीत बॉल सुमारे सव्वादोन इंच बाजूला जातो. म्हणजे गेलाच शॉट. अडीच मिलिमीटरची चूक धूसर डोळ्यांना दिसणार कशी? आणि नवीन क्यू ती कशी भरून काढणार?

1985 सालची स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल शोधून बघा. शेफील्डमध्ये डेनिस टेलर स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध 0-8 ने मागे पडला होता आणि शेवटच्या काळ्या बॉलवर 18-17 ने जिंकला. त्याचा चष्मा बघून लोक हसायचे, उलटा लावल्यासारखा दिसायचा. मोठ्या काचा, भुवयांच्याही वर गेलेल्या. पण क्यूवर वाकल्यावर नजर काचेच्या वरच्या भागातून जाते, त्यासाठीच तो खास बनवून घेतला होता. खेळ स्नूकरचा असला तरी वाकून बघणं आपल्यासारखंच. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह काचा लागल्या असतील, तर खेळासाठी वेगळा एकाच नंबरचा, उंच काचेचा चष्मा करून घ्या असं मी सांगेन. नंबर डॉक्टरच ठरवतील, तुम्ही फक्त कसं वाकता ते त्यांना करून दाखवा.

नंबर नाही, तरी चुकतंय? मग डोकं कुठे ठेवता ते बघा. "उजवा डोळा जोरदार, म्हणून क्यू उजव्या डोळ्याखाली" असं सर्रास सांगतात. प्रत्येकाला ते लागू पडत नाही. कुणाला हनुवटीच्या मधोमध सरळ दिसतं, कुणाला थोडं बाजूला. एक सरळ लाँग शॉट लावा, मित्राला मागे उभं करून क्यू रेषेत आहे याची खात्री करून घ्या. मग क्यू न हलवता डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्या. जिथे तुम्हालाही तो सरळ दिसतो, ती तुमची जागा. दर वेळी डोकं तिथेच आलं पाहिजे.

आणि नेम उभ्यानेच धरायचा, हं. शॉटच्या मागे उभे राहा, रेषा बघा, मागचा पाय त्या रेषेवर टाका आणि सरळ खाली या. वाकल्यावर वाटलं की थोडं चुकतंय, तर मनगटाने ॲडजस्ट करू नका. उठा, पुन्हा या. कंटाळवाणं आहे, पण माझा खेळ यानेच सुधारला.

आता प्रश्न येतो की चूक नजरेची की हाताची? रंगीत बॉल काढून टाका. क्यू बॉल मधोमध मारून टेबलाच्या लांबीने सरळ पाठवा आणि परत येऊ द्या. तो टिपपाशी परत आला तर हात ठीक. फिरकी घेऊन बाजूला आला, तर तुम्ही मध्यावर मारतच नाही आहात. मग आधी हात सुधारा.

क्यूला काहीच महत्त्व नाही असं नाही. वाकडा क्यू आणि सपाट झालेली टिप त्रास देतेच. पण टिप बदलून मिळते, त्यासाठी पंधरा हजार लागत नाहीत.

तुमच्यापैकी जे पूल पार्लर काढायचं म्हणताहेत त्यांना एक सांगतो. टेबलाच्या मधोमध एकच दिवा टांगून दोन्ही टोकांना अंधार ठेवू नका. लांबच्या कुशनपाशी बॉलची कड दिसली नाही, तर गिऱ्हाईक स्वतःला दोष देईल, क्यूला देईल आणि मग दुसऱ्या पार्लरला जाईल. इंटिरिअरमधून थोडे कमी करा, उजेडावर घाला.

तो मुलगा अजून आलेला नाही. बाबा रोज एकदा विचारतात.