जळक्या ऑइलचे करायचे काय?

सलमानियातल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली यंदाचा उन्हाळाभर दोन डबे उभे होते. डबे नव्या इंजिन ऑइलचे, चार-चार लिटरचे. आत मात्र माझ्याच गाडीतून उतरवलेले काळे ऑइल. नातूर रोज झाडताना ते पायाने बाजूला सरकवी आणि झाडून झाले की पुन्हा जागेवर ठेवी. शेवटी एकदा त्याने वर येऊन बेल वाजवली आणि अगदी चांगल्या मनाने म्हणाला, "सर, टेन्शन मत लो. मैं पीछे रेती में डाल देगा."

त्याला मी नको म्हटले. पण मग त्या आठ लिटरचे करायचे काय, हे त्या दिवशी मलाही सांगता आले नसते. आपल्या मंडळात गाडी नसलेले घर शोधूनच काढावे लागेल, आणि माझ्यासारखे हौसेने किंवा काटकसरीने ऑइल घरीच बदलणारेही काही आहेत, हे मला पार्किंगमधल्या काळ्या डागांवरून कळते! म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माझी कबुली. या देशात आल्यावर पहिल्यांदा ऑइल बदलले तेव्हा ते मी इमारतीमागच्या सांडपाण्याच्या झाकणातून ओतून दिले होते. "सगळे असेच करतात," असे एका जुन्या रहिवासी काकांनी सांगितले आणि मी ते मानले. इंजिनियरिंगची चार वर्षे, त्यात एक अख्खा विषय इंधने आणि वंगणे. पण ते झाकणाखालचे पाणी पुढे जाते कुठे, हा प्रश्न मला सुचलाही नाही.

ते जाते तुबलीला. आपल्याकडच्या बहुतेक सांडपाण्यावर तुबलीच्या केंद्रात प्रक्रिया होते. तिथली घाण खाण्याचे काम यंत्रे करीत नाहीत, जिवाणू करतात, आणि त्यांना प्राणवायू लागतो. पाण्यावर ऑइलचा तवंग आला की त्या कामात अडथळा येतो. धातू तर जिवाणूंना पचतच नाहीत. प्रक्रिया केलेले पाणी रस्त्याकडेच्या खजुरांना, बागांना आणि काही शेतांना दिले जाते, उरलेले तुबलीच्या खाडीत जाते. या खाडीत बहारीनमधली शेवटची तिवरे उरली आहेत, आणि १९९७ पासून ती रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. थंडीत तिथे रोहित पक्षी बघायला आपण मुलांना घेऊन जातो. मी ओतलेले चार लिटर त्याच वाटेने गेले.

नातुराची 'पीछे रेती' तरी बरी का? दहा महिने ती निरुपद्रवी दिसते. हिवाळ्यात दोन दिवस पाऊस पडला की याच मोकळ्या प्लॉटवर तळे साचते, टँकर येऊन ते उपसेपर्यंत पाण्यावर सप्तरंगी तवंग तरंगत असतो आणि आपली मुले त्यात कागदाच्या होड्या सोडतात. कचऱ्याच्या पेटीत डबा टाकला तर तो असकरच्या कचरा डेपोवर जातो आणि तिथे फुटतो.

या ऑइलला गावाकडे 'जळके ऑइल' म्हणतात, पण खरे तर ते जळत नाही, मळते. इंजिनात फिरताना त्यात लोखंड, तांबे, अ‍ॅल्युमिनियम यांचे झिजलेले कण येतात, काजळी येते, थोडे न जळलेले पेट्रोल आणि पाणी येते. पेट्रोलमधले शिसे गेल्यापासून ऑइलमधलेही पुष्कळ कमी झाले, ही चांगली गोष्ट. पण जळण्यातून तयार होणारी काही कर्बसंयुगे ऑइलमध्ये साठत जातात, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. वापरलेले ऑइल उंदरांच्या कातडीला वारंवार लावल्यावर कर्करोग झाल्याचे प्रयोगांतून दिसले आहे, आणि तशी सूचना ऑइलच्या कंपन्या स्वतःच सुरक्षापत्रकात छापतात. आपण डब्यावरची किंमत वाचतो, सूचना वाचत नाही.

मला हे वाचून माझे वडील आठवले. आमच्या गावच्या घरी गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते दर उन्हाळ्यात जळके ऑइल फासत, चिंधी बुडवून, उघड्या हातांनी. सेंट्रिंगवाले पाट्यांना लावत, कोणी दाराच्या बिजागऱ्यांना. वाया जाऊ द्यायचे नाही ही त्या पिढीची शिकवण, आणि ती मला मान्यच आहे. फोनवर या डब्यांचे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, टाकतोस कशाला? पाठवून दे इकडे, खांबांना होईल." पण त्यांच्या बोटांची कातडी कायम फाटलेली असे आणि आई त्यावर रात्री खोबरेल लावी, हेही मी पाहिले आहे. त्याचे कारण ऑइलच होते असे मी म्हणत नाही. मात्र पूर्वी ज्याला आपण नुसते 'हात खराब होणे' समजत होतो, त्याकडे आता नीट बघायला हवे.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांत असेच झाले. चात्यांचे खनिज तेल कामगारांच्या विजारींवर सतत उडत राही, आणि त्यांच्यातल्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध १९२० च्या दशकात या तेलाशी जोडला गेला. म्हणूनच ऑइलने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात कोंबू नये. गॅरेजमधली मुले हेच करताना दिसतात. त्यांना कोणी तरी सांगायला हवे. घरी काम करताना हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हे. पेट्रोल कातडीतले नैसर्गिक तेल काढून टाकते आणि मग राहिलेली घाण अधिकच आत शिरते.

जळके ऑइल जमिनीवर शिंपडण्याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. मिझुरी राज्यात टाइम्स बीच नावाचे दोनेक हजार वस्तीचे गाव होते. कच्च्या रस्त्यांची धूळ बसावी म्हणून १९७० च्या दशकात तिथे टाकाऊ ऑइल फवारून घेण्यात आले. फवारणाऱ्याने त्यात एका रासायनिक कारखान्याचा टाकाऊ गाळ मिसळला होता आणि त्या गाळात डायॉक्सिन होते. १९८२ च्या अखेरीस ते उघड झाले, पाठोपाठ पूर आला, आणि १९८३ मध्ये सरकारने अख्खे गाव विकत घेण्याचे जाहीर केले आणि पुढे ते रिकामे झाले. इथे दोष ऑइलपेक्षा त्यात मिसळलेल्या गाळाचा अधिक, आणि आपल्यालाही त्यातून एक कामाची गोष्ट कळते. जळक्या ऑइलच्या डब्यात दुसरे काहीही ओतू नये. रेडिएटरचे पाणी नको, ब्रेक ऑइल नको, थिनर नको, वडे तळून उरलेले तेल तर मुळीच नको. मिसळलेले ऑइल पुढे कोणी घेत नाही.

शुद्ध ठेवले तर मात्र ते घेण्यासारखे असते. पाणी आणि हलके इंधन उडवायचे, मग निर्वात दाबाखाली ऊर्ध्वपातन करायचे, शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया द्यायची, की पुन्हा नव्याच्या तोडीचे मूळ तेल मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक हिशेब आहे: एक गॅलन जळक्या ऑइलमधून जेवढे वंगण निघते, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच लिटर, तेवढ्यासाठी एक पिंप कच्चे तेल लागते. हा हिशेब थोडा फसवा आहे, कारण पिंपातले उरलेले कच्चे तेल वाया जात नाही, त्याचे पेट्रोल-डिझेल होते. तरी माझ्या आठ लिटरांतून पाचेक लिटर चांगले तेल निघू शकते. आणि हे आपण राहतो कुठे? जबल दुखानच्या पायथ्याशी १९३२ मध्ये आखाताच्या अरबी किनाऱ्यावरची पहिली तेलविहीर लागली ती याच बेटावर. सित्र्याला इंजिन ऑइलसाठी लागणारे मूळ तेल तयार करणारा कारखाना २०११ पासून आहे. जे बनवायला एवढा खटाटोप, ते मी झाकण उचलून ओतून दिले.

आता पैशांचे. घरी ऑइल बदलून माझे मजुरीचे दोन-तीन दिनार वाचतात. त्यातून नरसाळे, टब, चिंध्या आणि एक बाद झालेला शर्ट वजा करा. खरी बचत दुसरीकडे आहे. आपल्यापैकी बरेच जण पाच हजार किलोमीटर झाले की डोळे मिटून ऑइल बदलतात, कारण भारतात स्कूटर-मारुतीच्या काळापासून तसे डोक्यात बसले आहे. आजच्या सिंथेटिक ऑइलला अनेक गाड्यांची पुस्तिका दहा हजार किलोमीटर देते. इथली धूळ, ऊन, एसी चालू ठेवून उभी राहणारी गाडी आणि शाळा-बाजाराच्या छोट्या खेपा यांना बऱ्याच पुस्तिका 'कठीण वापर' समजतात आणि त्यासाठी वेगळे, कमी अंतर सांगतात. तेव्हा माझे किंवा गॅरेजवाल्याचे ऐकू नका, आपल्या गाडीची पुस्तिका उघडा. माझ्या गाडीत हिशेब करता वर्षाला एक बदल कमी झाला. तेवढे चार लिटर विकत घ्यावे लागत नाही आणि टाकावेही लागत नाही.

आणखी एक: रिकामा डबा जसाच्या तसा भंगारात देऊ नये. आपल्याकडे असे ब्रँडचे डबे गोळा करून त्यात नुसते गाळलेले जुने ऑइल भरून विकण्याचा धंदा चालतो. गावी जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावेच. डब्याला खिळ्याने दोन भोके पाडावीत.

भारतात आता नियमाची बाजू बरीच पुढे गेली आहे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात जळके ऑइल पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी आली आहे. कॅलिफोर्नियात १९९१ च्या कायद्याने ऑइलच्या विक्रीवर शुल्क बसवून त्या पैशातून जमा केंद्रे उभी केली. तिथला माझा मित्र डबा घेऊन सुट्या भागांच्या दुकानात जातो, ओततो आणि घरी येतो. बहारीनमध्येही २०२२ चा नवा पर्यावरण कायदा आहे, आणि धोकादायक कचरा हाताळायला परवाना लागतो. गॅरेजांमागे पिंपे असतात आणि ती उचलायला गाडी येते. अडते ते तुमच्या-माझ्यासारख्या दोन डब्यांच्या माणसाचे.

मी ते डबे घेऊन सलमाबादला गेलो. पहिल्या गॅरेजने हात झटकले: "हमारा गाडी नहीं, हमारा तेल नहीं." दुसऱ्याने पाणी मिसळले आहे का विचारले आणि उत्तरावर विश्वास ठेवला नाही, यात त्याची चूक नव्हती. तिसऱ्याने बोट बुडवून बघितले, वास घेतला आणि मागच्या पिंपाकडे मान हलवली. "उधर डालो भाई, लेकिन गिराना नहीं." पैसे मागितले नाहीत, दिलेही नाहीत. हे सगळे जमायला तीन शनिवार लागले. प्रत्येकाने असे तीन शनिवार घालवावेत ही अपेक्षा चुकीची आहे. नातुराच्या रेतीवर रागावण्याआधी हे आपण ध्यानात घ्यायला हवे, कारण सोपी वाट फक्त त्यालाच माहीत होती.

म्हणून माझे मत असे. ज्याला खास हौस नाही त्याने ऑइल घरी बदलूच नये. गॅरेजमध्ये बदलावे, पण किल्ली देण्यापूर्वी मागे जाऊन पिंप बघावे आणि ते कोण नेते हे विचारावे. विचारणारे गिऱ्हाईक वाढले की गॅरेजवालाही सावध होतो. ज्यांना हौस सोडवत नाही, आणि त्यांत मी पहिला, त्यांच्यासाठी मंडळाने थोडे मनावर घ्यावे. काही उत्साही मंडळी म्हणतील, आपल्या हॉलच्या मागे एक पिंप ठेवू. कृपा करून तसे करू नये. आग लागण्याची भीती, गळती, शिवाय परवान्याचा प्रश्न. गणपतीच्या मांडवाशेजारी ते पिंप कोण सांभाळणार? त्यापेक्षा आपल्या सभासदांपैकी जे मोटारींच्या धंद्यात आहेत त्यांच्यामार्फत एका गॅरेजशी बोलणे करावे, आणि दोन-तीन महिन्यांतून एका शनिवारी सकाळी सभासदांचे डबे तिथे घेतले जातील एवढे ठरवावे. कार्यकारिणीला मी तसे पत्र दिले आहे.

तोवर कोणाकडे डबा साठला असेल तर तो घट्ट झाकणाचा हवा, त्यावर 'वापरलेले ऑइल' असे मराठीत, इंग्रजीत आणि जमल्यास अरबीतही लिहिलेले हवे, आणि तो उन्हात, गॅसजवळ किंवा मुलांच्या हाताशी नको. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नये. जुना फिल्टरही विसरू नका. त्याला भोक पाडून रात्रभर डब्यावर पालथा ठेवला की आणखी कपभर ऑइल निघते. सलमाबादला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, आणि डबा गाडीत उभा ठेवून मागे पुढे काहीतरी टेकवा. माझा एक वळणावर आडवा झाला होता. डिकीतला तो वास अजून आहे.