जितेशला कोण घेणार, की जितेश कुठे जाणार?

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले आणि दुसऱ्याच दिवशी अमरावती-अकोल्याच्या टपऱ्यांवरचा विषय बदलला. कोणाचे डिपॉझिट गेले, कोण मंत्री होणार, ही चर्चा मागे पडली आणि "जितेशले कोन घेते बावा?" हा प्रश्न पुढे आला. सौदी अरेबियातील जेद्दा येथे आयपीएलचा मोठा लिलाव भरला होता आणि आपल्या अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा त्यात होता. पंजाब त्याला सोडणार नाही, चेन्नईला धोनीनंतर कोणीतरी लागणारच, दिनेश कार्तिक निवृत्त झाल्याने बंगळूरुला गरज आहे, असे एकाहून एक तर्क लढवले गेले. पण घेणारा कोण, एवढेच सगळे विचारीत होते. जितेशला स्वतःला कुठे जायचे आहे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. पडणार तरी कसा? या व्यवस्थेत त्या प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. त्याची मूळ किंमत १ कोटी होती. बोली चढत ७ कोटींवर गेली. तेव्हा पंजाबने 'राइट टू मॅच'चा, म्हणजे तेवढीच रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क वापरला. नियमाप्रमाणे बंगळूरुला बोली वाढविण्याची आणखी एक संधी मिळाली. त्यांनी एकदम ११ कोटी सांगितले आणि पंजाबने हात आखडता घेतला. हक्क पंजाबचा, संधी बंगळूरुची, हातोडा मंडळाचा. ज्याच्या आयुष्याची तीन वर्षे ठरत होती, त्याला या टेबलावर खुर्ची नव्हती. त्याची संमती होती असे सांगितले जाईल. होती, पण ती नोंदणीच्या वेळीच घेतलेली. कोर्टात आम्ही अशा संमतीला कोऱ्या कागदावरची सही म्हणतो.

११ कोटी मिळाल्यावर कसली तक्रार, असे आमचे काही मित्र विचारतात. हाच जितेश २०१६ मध्ये मुंबईने १० लाखांत घेतला आणि एकही सामना न देता बसवून ठेवला. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांत घेतले. आणि ११ कोटींच्याच लिलावात अकोल्याचा अथर्व तायडे ३० लाखांत हैदराबादकडे गेला. भाव कमी-जास्त असणे आम्ही समजू शकतो. पण मोठा भाव मिळाला म्हणून निवडीचा हक्क विचारायचा नाही आणि छोटा मिळाला म्हणून विचारायची हिंमत नाही, तर तो विचारायचा कोणी?

एकाने विचारून पाहिले होते. रवींद्र जडेजाने राजस्थानशी कराराचे नूतनीकरण न करता दुसऱ्या संघाशी बोलणी चालविली, म्हणून २०१० च्या संपूर्ण हंगामासाठी त्याच्यावर बंदी घालण्यात आली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच जडेजाला चेन्नईने संजू सॅमसनच्या बदल्यात सॅम करनसह राजस्थानला दिले. संघ आपसात देवाणघेवाण करतात तेव्हा तो व्यवहार ठरतो, खेळाडूने बोलणी केली की गुन्हा ठरतो. (आमदारांसाठी दहावे परिशिष्ट आहे, तरी त्यांचे येणे-जाणे कसे सुखेनैव चालते, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलेच आहे.)

जडेजावर बंदी होती त्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, अमेरिकेत बास्केटबॉलचा सर्वात मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स याचा क्लीव्हलँडशी करार संपला. तो कुठे जाणार, न्यूयॉर्क की शिकागो, यावर तिकडच्या चाहत्यांनी आपल्या टपऱ्यांसारखीच महिनोन्महिने चर्चा केली. फरक एवढाच, की उत्तर जेम्सच्या हातात होते. त्याने मायामी निवडले. क्लीव्हलँडमध्ये त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या गेल्या, संघमालकाने जाहीर पत्र लिहून आग पाखडली. तेव्हा जेसी जॅक्सन यांनी म्हटले, की हा मालक जेम्सकडे पळून गेलेल्या गुलामासारखे पाहतो आहे.

हा हक्क अमेरिकेतल्या मालकांनी दानात दिलेला नाही. बेसबॉलमध्ये कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९६९ मध्ये न विचारता झालेली बदली नाकारली, खटला लढवला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्यात त्याची कारकीर्द संपली. बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या संघटनेचा कृष्णवर्णीय अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने १९७० मध्ये दावा दाखल केला. १९७६ च्या तडजोडीने एका संघाने खेळाडूला कायम बांधून ठेवण्याची प्रथा मोडली. पूर्ण मोकळीक मिळायला १९८८ उजाडले. तिथेही नवख्या खेळाडूला निवड नाही, तो ज्या संघाच्या वाट्याला येईल तिथे जातो. म्हणून तिकडे स्वर्ग आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तिथे करार संपला की अनुभवी खेळाडू मोकळा होतो.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो? भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरवते. श्रीरामपूरच्या झहीर खानचे प्रकरण आमच्या वकील वाचकांना आठवत असेल. एका कंपनीशी त्याचा जाहिरातींचा करार २००० ते २००३ असा होता. मुदत संपल्यावरही पहिला हक्क आपलाच, असा कंपनीचा दावा होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मुदतीनंतर असे बंधन लादता येत नाही, असे सांगितले. आता 'राइट टू मॅच' या निकालाशेजारी ठेवून पाहा. करार संपलेला, खेळाडू लिलावात उतरलेला, तरी पहिला हक्क जुन्या मालकाचा! क्रिकेट मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, हे २०१५ मध्ये याच न्यायालयाने म्हटले आहे. मग ही अट न्यायालयात तपासली गेलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा हाच होता. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे ही गुलामगिरी आहे, मग कायदा तिला कोणतेही नाव देवो. गिरणी कामगार आणि कोट्यधीश खेळाडू यांची तुलना काहींना खटकेल. पण हिशेब करून पाहा. २०२३ ते २०२७ या ५ वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा सामन्यांच्या मानधनासह प्रत्येक संघाला १४६ कोटी होती, म्हणजे १० संघ मिळून १,४६०. नुसत्या प्रक्षेपणाच्या १०० रुपयांतले १५ खेळाडूंना! अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या जवळपास निम्मा असतो. तिथे संघटना आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. खेळणाऱ्याने एकट्याने मंडळासमोर उभे राहायचे आणि जडेजाचे काय झाले ते आठवायचे.

२०२५ मध्ये बंगळूरु पहिल्यांदा विजेते झाले. त्याआधी लखनौत जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. मग त्याच वर्षी तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला आणि वऱ्हाडातले अनेक जण नाराज झाले. आपला पोरगा परक्याकडे गेला म्हणे! रणजी विजेत्या विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर स्वतःच यष्टिरक्षक आहे आणि ती जागा संघात एकच असते. जितेशने खेळायला मिळेल तिथे जायचे ठरवले. ११ कोटींच्या सौद्यावर पेढे वाटणाऱ्यांनी त्याच्या या निर्णयावर मात्र तोंड वाकडे केले. आणि या निर्णयासाठीसुद्धा त्याला आधी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागले.