संस्कार कुठे कमी पडले?

परवा कट्ट्यावर पुन्हा तोच सूर. "डोंगरावरच्या वस्तीतली पोरं वाया गेली, आईबापांचे संस्कारच नाहीत!" मी घाटकोपरात पस्तीस वर्षे शिकवले. हे मला मुळीच मान्य नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांतले हजारो कायमचेच. गिरणगावातली काही पोरे टोळ्यांत गेली, भायखळ्याच्या दगडी चाळीचा दरारा वाढला. २००७ साली आमच्या असल्फ्यात नगरसेवक कमलाकर जामसंडेकरांना घरात गोळ्या घातल्या गेल्या. त्यात २०१२ साली अरुण गवळीला जन्मठेप झाली. मग संपानंतर त्या घरांतले संस्कार आटले म्हणायचे का? आटला तो पगार!

आता कायदा पाहा. २००९ चा शिक्षणहक्क चौदा वर्षांपर्यंतच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मात्र सोळा पूर्ण झालेल्यावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. म्हणजे चौदाव्या वर्षी हात सोडायचा आणि सोळाव्या वर्षी मानगूट धरायची. मधली दोन वर्षे त्याला नाक्यावरचा 'भाई' सांभाळतो. आधी वडापाव, मग मोबाईलचे रिचार्ज, मग "एवढी पिशवी पोचव."

बाप आजारी पडला म्हणून माझ्या वर्गातला एक मुलगा नववीत यायचा थांबला. हजेरीपटावरून त्याचे नाव मीच कमी केले. घरी मात्र गेलो नाही. तेव्हा संस्कार कुणाचे कमी पडले?

कट्ट्यावरच्या मित्रांनो, शेजारच्या वस्तीतला असा एक मुलगा शोधा, त्याला रात्रशाळेत घाला. मग संस्कारांवर बोलू.