ठराव गावाचा, लेखणी जिल्ह्याची

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरच्या ग्रामपंचायतीने उद्या रीतसर ठराव केला, तरी हिंगोलीत बसलेले जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४२ ने त्यांना तो अधिकार दिला आहे. ठराव बेकायदेशीर असेल, शांतताभंगाची भीती असेल, तर अंकुश हवाच. बहुमताच्या जोरावर गायरान गिळणारे कारभारी कोणत्या गावाला नवे आहेत? परंतु ‘लोकांना त्रास’ हेही त्याच कलमातील एक कारण आहे, आणि ते हवे तेवढे ताणता येते. अतिक्रमण हटविण्याच्या ठरावाने अतिक्रमण करणाऱ्याला त्रास होणारच!

सरकारने स्थानिक संस्थांवर बाहेरून देखरेख ठेवावी, आत शिरून हुकूम सोडू नयेत, ही भूमिका लॉर्ड रिपनने १८८२ सालीच मांडली होती. परक्या व्हाइसरॉयला जे उमगले, ते १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात येऊनही आमच्या शासनयंत्रणेच्या पचनी पडलेले नाही. स्थगितीचा आदेश लेखी असावा लागतो, हे ठीक. पण तेवढ्याने भागत नाही. नव्वद दिवसांत गावाचे म्हणणे ऐकून अंतिम निर्णय झाला नाही, तर स्थगिती आपोआप उठावी, अशी दुरुस्ती विधिमंडळाने या कलमात करावी.