हेडलाइटमधील पाणी आणि वाहनांची तपासणी : बेंगळुरूतील मराठीभाषक वाहनधारकांचे निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, कर्नाटक राज्य,
शांतिनगर, बेंगळुरू

विषय : पावसाळ्यात हेडलाइटमध्ये शिरणारे पाणी, त्यामुळे निकामी होणारे दिवे आणि त्यावरील उपाययोजना

महोदय,

हेडलाइटच्या काचेआड वाफ धरणे किंवा पाणी साचणे हा आज केवळ दिसण्यातला दोष समजला जातो. वास्तविक तो रात्रीच्या वाहतुकीला धोका आहे. काचेच्या आतल्या बाजूचा प्रत्येक थेंब प्रकाश वाकवतो. डिपरच्या झोताला वरच्या बाजूने ठरावीक कड असते. थेंबांमुळे ती विस्कटते, रस्त्यावरचा उजेड कमी होतो आणि उरलेला समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. बेंगळुरूहून तुमकूर, हुब्बळ्ळी, बेळगावमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्रीचा प्रवास करणाऱ्यांना हा त्रास दोन्ही बाजूंनी होतो.

हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो. आतली हवा तापली की बाहेर जावी आणि थंड झाली की परत यावी, यासाठी त्याला बारीक श्वासमार्ग ठेवलेले असतात. थंड काचेवर पातळ वाफ धरली आणि दिवा चालू ठेवल्यावर ती थोड्या वेळात गेली, तर तो बिघाड नव्हे. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचले असेल किंवा वाफ दिवसेंदिवस हटत नसेल, तर सील, मागचे रबरी बूट किंवा काचेचा जोड फुटला आहे असे समजावे. पुढे रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर काळवंडतो, होल्डर आणि कप्लर गंजतात. काळवंडलेला रिफ्लेक्टर वाळवून पूर्ववत होत नाही. हॅलोजन दिव्यात निदान बल्ब बदलता येतो; एलईडीचा सर्किट बोर्ड गेला तर बहुधा अख्खे युनिट बदलावे लागते. शिवाय एलईडी काचेच्या दिशेने फारशी उष्णता फेकत नाही, त्यामुळे वाफ सुकायलाही वेळ लागतो.

बेंगळुरूत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. मे महिन्यातील वळवापासून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत इथे संध्याकाळी अचानक जोरदार सरी येतात. कोंडीत तासभर तापलेला दिवा थंड पाण्याखाली येतो, आतली हवा आकुंचन पावते आणि जिथे फट सापडेल तिथून ओलावा आत ओढला जातो. तुंबलेल्या अंडरपासमध्ये दिवा पाण्यात बुडाला, तर हवेऐवजी पाणीच आत येते. सप्टेंबर २०२२ मध्ये बेलंदूर, यमलूर आणि आउटर रिंग रोड परिसरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. मे २०२५ मध्येही शहराच्या अनेक भागांत तसेच घडले. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू राहतो, म्हणजे दिवसाच्या पावसातही तापणे आणि निवणे सुरूच असते.

माणसांच्या हातूनही नुकसान होते. जास्त उजेडाचे एलईडी बल्ब बसवताना मागचा पंखा मावत नाही म्हणून रबरी बूट कापले जाते आणि ओलाव्याला वाट मोकळी होते. धुलाई केंद्रात उच्च दाबाचा फवारा थेट जोडावर मारला जातो. वाफ दिसली की श्वासमार्गच सिलिकॉनने बुजवला जातो, त्यामुळे आतला ओलावा कायमचा कोंडतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध मोहीम उघडली, ती योग्यच होती. मात्र पाणी शिरलेला मूळ दिवाही समोरच्याला दिपवतो, याकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. धुराची तपासणी या काळात ठरलेल्या मुदतीने होत राहते, दिव्यांची मात्र सक्तीची तपासणी एकदाही होत नाही. शहरातील नोंदणीकृत वाहने एक कोटीच्या वर गेली असताना ही उणीव मोठी आहे. म्हणून धूरतपासणी केंद्रांवर दर वर्षी मे महिन्यापूर्वी दिव्यांची दृश्य तपासणी करून वाहनधारकाला लेखी शेरा द्यावा, ही प्रमुख मागणी आहे. सुरुवातीला दंड नसावा. दोष कळला तरी बहुतेक लोक दुरुस्ती करून घेतील. व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५६ खालील योग्यता प्रमाणपत्र देताना दिवा लागतो का आणि झोत कुठे पडतो याबरोबर आत पाणी किंवा काळवंडलेला रिफ्लेक्टर आहे का, याची स्वतंत्र नोंद घ्यावी आणि असा दिवा असलेल्या वाहनाचे पासिंग रोखावे.

वॉरंटीचा वाद सर्वांत मनस्ताप देणारा आहे. तेच पाणी एका सेवा केंद्रात ‘नैसर्गिक वाफ’ ठरते, दुसऱ्यात दोष. विक्रेत्यांना व्यवसाय प्रमाणपत्र परिवहन खातेच देते. त्या अधिकारात, दिवा किती वेळ चालू ठेवल्यावरही वाफ राहिली तर तो दोष मानायचा, हे प्रत्येक विक्रेत्याने दर्शनी भागात लिहून लावावे असा आदेश काढता येईल. एकाच मॉडेलच्या तक्रारी वारंवार आल्यास खात्याने त्या एकत्र करून कलम ११०अ नुसार वाहने परत मागवण्याच्या विचारासाठी केंद्रीय मंत्रालयाकडे पाठवाव्यात. एकट्या ग्राहकाला ते जमणारे नाही. जे. सी. रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारपेठांत प्रमाणचिन्ह नसलेल्या दिव्यांची तपासणीही व्हावी.

पुढील मे महिन्यातील वळवापूर्वी यावर आदेश निघावेत आणि वाहनधारकांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ मिळावी, ही विनंती. निवेदनाची कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
बेंगळुरूतील मराठीभाषक वाहनधारक