ओळंब्यातली भिंत आणि स्वस्तातली लेन्स

वाड्याच्या दर्शनी भागाचा फोटो मोठा छापून मी मालकांना नेऊन दिला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि म्हणाले, "अरे, छान आलाय. पण चारचौघांत दाखवू नकोस. कुणी पाहिला तर उद्या धोकादायक इमारतीची नोटीस यायची दारावर."

फोटोत वाडा मागे रेलला होता. दोन्ही कडेच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकल्या होत्या. वास्तविक दोनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने ओळंबा सोडून उभारलेल्या त्या भिंती आजही सुतात आहेत. चूक माझी होती. गल्लीत मागे सरकायला जागा नाही म्हणून मी कॅमेऱ्याचं तोंड वर केलं होतं. कॅमेरा वर वळला की आतला सेन्सरही भिंतीला समांतर राहत नाही, आणि समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वर जाऊन मिळू पाहतात. एवढंच त्याचं कारण.

यावरचा उपाय म्हणून मी स्वस्तातली एक टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा सपाट ठेवून वर-खाली सरकवता (शिफ्ट) आणि तिरकी करता (टिल्ट) येणारी लेन्स, घेतली आणि ओळखीच्या फोटोग्राफरांकडून बोलणी खाल्ली. त्या बोलण्यांचा समाचार घेण्यासाठी हा लेख. पूर्वपक्ष मी कमजोर करून मांडणार नाही, कारण त्यातले दोन आक्षेप खरोखर दमदार आहेत.

पहिला आक्षेप थाटाचा: ही लेन्स म्हणजे लाखालाखाची वस्तू, ती आर्किटेक्चरवाल्यांनी वापरावी, तिची स्वस्त आवृत्ती म्हणजे खेळणं. हे म्हणणाऱ्यांना फोटोग्राफीचा इतिहास ठाऊक नाही असं मी सरळ म्हणतो. काळ्या कापडाखाली डोकं घालून वापरायचा तो भात्याचा कॅमेरा आठवा. त्यात लेन्स एका फळीवर बसलेली असे, आणि ती फळी मागच्या काचेपासून वेगळी वर-खाली सरकवता येई. पुष्कळ कॅमेऱ्यांत तिरकीही करता येई. राजा दीनदयाळांच्या पिढीतले छायाचित्रकार देवळं नि राजवाडे टिपत हिंडले ते असल्या लाकडी पेट्या घेऊन. शिफ्ट ही तेव्हा चैन नव्हती, कॅमेऱ्याचा साधा अवयव होता. छोट्या फिल्मचे सुटसुटीत कॅमेरे आले, लेन्स बॉडीला घट्ट जखडली गेली आणि हा अवयव गळाला. निकॉनने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिमीची शिफ्ट लेन्स काढली. कॅननने १९७३ साली टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही एकाच लेन्समध्ये आणलं. म्हणजे आधी काढून घेतलेली गोष्टच आपल्याला परत विकली गेली, आणि ती महागात. आता सामयांग, टीटीआर्टिझन, लाओवा अशी मंडळी तीच गोष्ट पुष्कळ कमी पैशांत देत असतील, तर त्यात कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप मात्र खरा वजनदार. "आता सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी सरकवली की भिंती सरळ होतात. लेन्स कशाला?" प्रामाणिकपणे सांगायचं तर भूमितीपुरतं हे अगदी बरोबर आहे. एकाच जागी उभं राहून तिरका फोटो काढा आणि नंतर सरळ करा, किंवा शिफ्ट लेन्सने सरळच काढा. रेषा नि प्रमाणं दोन्हींत सारखीच येतात. शिफ्टमध्ये काही दैवी यथार्थदर्शन असतं असं सांगणारे भक्त मला विरोधकांपेक्षा जास्त त्रास देतात.

फरक पडतो तो मालमसाल्यात. तिरक्या फोटोत वरचा मजला लहान उमटलेला असतो. सॉफ्टवेअर तो ताणून मोठा करतं. आपल्याकडच्या वाड्यांची गंमत अशी की खालच्या मजल्याला बहुधा साधी भिंत आणि दिंडी दरवाजा. नक्षी सगळी वर. सज्ज्याची कठडापट्टी, सुरूचे खांब, महिरपी, छज्जा पेलणारे कोरीव हस्त. पुण्याचा विश्रामबाग वाडा १८०७ साली बांधला गेला, त्याच्या दर्शनी लाकूडकामाकडे एकदा मान वर करून पाहा, मग कळेल. म्हणजे जे बघायला आलो, नेमकं तेच ताणलेल्या रबरासारखं पातळ होतं. शिवाय फोटो सरळ करताना बाजूचे त्रिकोण कापले जातात, आणि किती कापले जाणार याचा अंदाज गल्लीत उभं असताना येत नाही. घरी आल्यावर कळतं की डाव्या कोपऱ्यातला देवडीचा खांब गेला.

यावर जाणकार आणखी एक तोड काढतात, आणि तीच मला सगळ्यात जास्त आवडते: खूप रुंद लेन्स लावा, कॅमेरा सपाट धरा, आणि खालचा नको तो रस्ता कापून टाका. यात रेषा मुळातच सरळ येतात. मग हिशेबच करू. गल्ली सहा मीटरची, वाडा नऊ मीटर उंच, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर. फुल-फ्रेम बॉडीवर २४ मिमीची लेन्स, कॅमेरा उभा पण सपाट. नुसत्या लेन्सला जमिनीपासून सहा मीटरपर्यंतचं दिसतं; वरचा मजला गायब. तीच लेन्स १२ मिमी वर सरकवली की बरोबर नऊ मीटर, म्हणजे कौलांची कड. हेच दृश्य कापून मिळवायचं तर साधारण साडेचौदा मिमीची लेन्स लागते, आणि कापाकापीनंतर सेन्सरचा छत्तीस टक्के भाग उरतो. २४ मेगापिक्सेलपैकी साडेआठ. मोबाइलवर दाखवायला साडेआठ पुष्कळ झाले, हेही मान्य. पण ज्यांना भिंतभर छापायचंय किंवा एखाद्या वाड्याची शेवटची नोंद करून ठेवायचीय, त्यांनी उरलेले साडेपंधरा का सोडायचे?

आता मलाच उलट प्रश्न विचारला जाईल: स्वस्त लेन्स सरकवली की तिच्या प्रतिमावर्तुळाची, म्हणजे ती पाडते त्या गोल प्रतिमेची, कड वापरात येते, आणि स्वस्त लेन्सची कडच तर मऊ असते, म्हणजे वरची नक्षी तुझ्याही फोटोत मऊच ना? हो. एफ/४ला माझ्या लेन्सचा वरचा कोपरा ताकात बुडवून काढल्यासारखा दिसतो. एफ/११ला तो सुधारतो, आणि इमारत काही पळून जात नाही. ट्रायपॉड लावून एफ/११ला अर्धा सेकंद द्यायला कुणाची ना आहे? महागड्या लेन्सशी तुलना केली तर फरक दिसतोच. पण माझी तुलना महागड्या लेन्सशी नाहीच, कारण ती माझ्या पिशवीत नाही आणि यायचीही नाही. तुलना आहे ताणलेल्या फोटोशी, आणि तिथे ही लेन्स जिंकते.

तिसरा आक्षेप हाताच्या कष्टांचा: ऑटोफोकस नाही, ॲपर्चरची कडी हाताने फिरवायची, स्क्रू बारीक नि चावट. ऑटोफोकसचं गाऱ्हाणं मी सरळ फेटाळतो, कारण लाखाच्या टिल्ट-शिफ्ट लेन्सलाही तो सहसा नसतोच. स्क्रूंचं गाऱ्हाणं खरं आहे. माझ्या लेन्सचा शिफ्टचा स्क्रू एका देवळापुढे न सांगता सैल झाला आणि दहा-बारा फोटोंत शिखर हळूहळू चौकटीबाहेर सरकत गेलं. घरी येईपर्यंत मला पत्ता नाही. तेव्हापासून प्रत्येक फोटोआधी बोट लावून बघतो. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर तर लेन्स सरकवली की प्रकाशाचं मोजमाप फसे, म्हणून आधी मोजायचं, मग सरकवायचं. मिररलेसवर हे दुखणं बरंचसं गेलं आहे. स्वस्त शिफ्टचे दिवस आले आहेत ते त्यामुळेही.

आता राहिलं टिल्ट. आपल्याच बाजूच्या लोकांनी हसं करून घेतलंय ते इथे. उंच इमारतीवरून चौक टिपायचा, लेन्स होईल तितकी तिरकी करायची, वर-खाली सगळं धूसर, मधली पट्टी स्पष्ट. माणसं मुंग्यांसारखी नि बसगाड्या काडेपेटीच्या. पहिल्या वेळी मौज वाटते. विसाव्या वेळी कंटाळा येतो. हे धूसरपण मोबाइलमधल्या फिल्टरनेही येतं, तेव्हा तेवढ्यासाठी लेन्स घेऊ नका, असं मी विरोधकांच्याही आधी सांगेन.

टिल्टचं खरं काम याच्या उलट आहे. ऑस्ट्रियाच्या लष्करातला कॅप्टन थिओडोर शाइम्प्फ्लुग हवेतून काढलेले तिरके फोटो नकाशासाठी सरळ करण्याच्या खटपटीत होता; १९०४च्या त्याच्या पेटंटमुळे एका नियमाला त्याचं नाव चिकटलं, जरी त्याने स्वतः श्रेय आधीच्या ज्यूल कार्पांतिए या फ्रेंच माणसाला दिलं होतं. नियम असा: सेन्सरचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि जे स्पष्ट हवंय त्याचं प्रतल, तिन्ही वाढवली तर एकाच रेषेत मिळतात. लेन्स तिरकी केली की स्पष्टतेचं प्रतल भिंतीसारखं उभं न राहता जमिनीवर आडवं पाडता येतं.

पंगतीचं उदाहरण घ्या. ओळीने मांडलेली केळीची पानं, पहिलं साडेतीन मीटरवर, शेवटचं पार सभामंडपाच्या टोकाला. ५० मिमीची लेन्स, कॅमेरा सपाट, जमिनीपासून १.२ मीटर उंच. सगळी पानं स्पष्ट यायला लेन्स किती तिरकी करायची? २.४ अंश. फक्त. बाजारातल्या स्वस्त टिल्ट लेन्स सहज आठ अंश वळतात, आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी त्या आठावर नेऊन ठेवतो. आठ अंशांवर स्पष्टतेच्या प्रतलाची बिजागरी लेन्सखाली ३६ सेंटीमीटरवर येते. रिकाम्या पंगतीत त्या उंचीवर काहीच नसतं. मग सगळंच विस्कटतं आणि दोष लेन्सच्या माथी.

स्पष्टतेचा हा पट्टा पाचरीसारखा असतो, हेही कुणी सांगत नाही. वाढायच्या आधी, रिकाम्या पंगतीत, सगळं झकास. माणसं बसली की एफ/८ला पहिल्या पानावरचं मीठ-लिंबू लखलखीत आणि त्याच पानावर बसलेल्या आजोबांचं डोकं धूसर; दहा मीटरवरच्या मुलाचं पान नि डोकं दोन्ही स्पष्ट. पाचर जवळ अरुंद आणि लांब गेल्यावर रुंद होते, त्याचा हा हिसका. पैसे कितीही मोजा, ही पाचर बदलत नाही. इथे स्वस्त नि महाग यांत काडीचा फरक नाही.

घेणाऱ्याने एवढं बघावं की स्वस्त म्हणून जी लेन्स सगळ्यात आधी समोर येते, ती पुष्कळदा फक्त टिल्टची असते. ५० मिमी एफ/१.४ या नावाने विकल्या जाणाऱ्या चिनी लेन्स त्यातल्याच. वाड्यांसाठी तिचा उपयोग शून्य. उलट ॲस्ट्रहोरीची १८ मिमी एफ/८ लेन्स फक्त शिफ्टची आहे, छिद्र कायमचं एफ/८, आणि तरी इमारतींसाठी ती त्या ५०पेक्षा कामाची. दोन्ही हवं असेल तर २०१३ साली आलेली सामयांगची २४ मिमी जुन्या बाजारात शोधावी: १२ मिमी शिफ्ट, साडेआठ अंश टिल्ट. लग्नं टिपणाऱ्यांनी आणि पोरांमागे धावणाऱ्यांनी यातलं काहीच घेऊ नये. त्यांना ते सोसणार नाही.

शिफ्ट आहे म्हणून ती शेवटपर्यंत ताणू नये, हा माझ्या अनुभवाचा भाग. भिंती शंभर टक्के सरळ केल्या की उंच इमारत वर रुंद झाल्यासारखी भासते, डोक्यावर टोपलं घेतल्यासारखी. मुंबईत ओव्हल मैदानात राजाबाई टॉवरपुढे मी हे करून पस्तावलो. ८५ मीटरचा तो मनोरा सपाट कॅमेऱ्याने २४ मिमीवर बसवायला १११ मीटर मागे जावं लागतं, शिफ्टने ६७ मीटरवरूनच बसतो. म्हणून हौसेने जवळ गेलो आणि मनोऱ्याचा माथा जड करून बसलो. मागे झाडांपर्यंत सरकून निम्मीच शिफ्ट वापरली तेव्हा तो पुन्हा मनोऱ्यासारखा दिसला. मैदानात जागा असताना शिफ्टची मिजास करू नये. जिथे पाठीला समोरच्याचा ओटा टेकतो, तिथे तिचं राज्य.

काकांच्या वाड्याचा फोटो पुन्हा काढला तो असाच, समोरच्या ओट्याला पाठ टेकवून, सकाळी साडेसातला, दुधाच्या गाड्या जायच्या आत. छापून नेला. या वेळी चष्मा कपाळावर गेला नाही, नाकावरच राहिला. भिंतींबद्दल ते काही बोलले नाहीत. बोट थेट वरच्या मजल्यावर गेलं. "या हस्तावरच्या पोपटाची चोच तुटलीय रे. खालून कधी दिसलीच नाही." मग बोट छज्ज्यावरून आडव्या गेलेल्या केबलच्या जुडग्यावर आलं. "आणि हे? हे नाही का सरकवता येत तुझ्या त्या लेन्सने?"