माती पडण्याआधी



गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत गटाराचे सिमेंटचे पाइप टाकले. रविवारी सकाळी शेजारच्या काकांनी हाक मारली. काका सफाई खात्यातून निवृत्त झालेले. चराच्या काठावरून बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, तो तिसरा पाइप बघा." पाइपाला तोंडापासून लांबच लांब तडा गेलेला. मुकादम म्हणाला, "वरून सिमेंट फासतो. मातीखाली कोण बघतंय?"

काका शांतपणे म्हणाले, "मी बघितलंय. तीस वर्षं बघितलंय."

पाइप फुटका निघाला किंवा उतार चुकला, की गाळ बसतो, गटार तुंबते आणि मग मॅनहोलमध्ये माणूस उतरवला जातो. तो कुणाच्या घरचा असतो, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण पैशाने माणूस परत येत नाही. म्हणून पाहायचे ते माती पडण्याआधीच.

काय पाहायचे? पाइपावरचा छाप वाचा. निविदेत 'एनपी-३' असेल तर त्याहून हलका 'एनपी-२' चालत नाही. तडे, फुटलेल्या कडा, उघड्या पडलेल्या सळ्या पाहा. पाइपाचे रुंद तोंड चढाच्या बाजूला हवे. पाइप दगडावर टेकलेला नसावा; खाली सर्वत्र सारखा आधार हवा.

मग अभियंत्याला आपल्यासमोर तीन परीक्षा घ्यायला सांगा. एका चेंबरमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरला, की प्रकाशाचा पूर्ण गोल दिसावा. अर्धा दिसला तर पाइप वाकडा बसला आहे. पाइपापेक्षा किंचित लहान, गुळगुळीत चेंडू वरून सोडला, की खाली बाहेर यावा. अडला तर आत सांध्याचे सिमेंट साचले आहे. शेवटी खालचे तोंड बंद करून पाणी भरावे. सिमेंट आधी थोडे पाणी पिते, म्हणून काही वेळ थांबून मग पातळी पाहावी. ती झपाझप उतरली तर सांधे गळतात.

एक सांगतो, आपण स्वतः चरात किंवा चेंबरमध्ये उतरू नका. बाजूची माती ढासळते, जुन्या गटारात विषारी वायू असतो. काठावरूनच पाहा.

ऐकले नाही तर भांडत बसू नका, अर्ज लिहा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कागद तर मिळतातच, शिवाय सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी लागत नाही. मी कारकून माणूस, अनुभवाने सांगतो : अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आम्ही १२ जणांच्या सह्यांचा अर्ज दिला. पहिली सही काकांची होती. बुधवारी तो पाइप बदलला. आरशाची परीक्षा मात्र अजून व्हायची आहे, आणि तोवर चर बुजवू द्यायचा नाही, असे गल्लीतल्या बायांनी ठरवले आहे.